मृतसाठ्यातलं बंदर

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कपाटामागं एक लोखंडी नांगर उभा आहे. तपासणीला येणारा प्रत्येक साहेब त्याच्याकडं बघून विचारतो, "ही शेतकी शाळा आहे का?" आम्ही म्हणतो, "नाही साहेब, तो भूगोलाचा आहे." साहेब चष्मा पुसतो आणि पुढचं रजिस्टर मागतो. भूगोलाला पृथ्वीचा गोल लागतो, नकाशे लागतात; नांगर कशाला लागतो ते सांगायचं तर निदान दोन कप चहाचा वेळ पाहिजे, आणि तपासणीवाल्याला तेवढा नसतो. तुम्हाला असेल तर सांगते.

नांगर आमच्या कप्तानांचा. कप्तान म्हणजे फौजेतले वगैरे नव्हेत. देगलूरकडच्या आमच्या आडवळणी शाळेत ते भूगोल शिकवायचे. उंच, काटकुळे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि डोक्यावर ऊन असो नसो निळी टोपी. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकदा शाळेची सहल कोकणात निघाली तेव्हा सगळ्यांनी त्यांना चला चला म्हणून किती आग्रह केला! तर म्हणाले, "खारं पाणी बघायला एवढ्या लांब? प्यायला येत न्हाई, पिकाला चालत न्हाई. नुसतं बघून काय करू?" आणि घरी बसले. तरी अख्खा तालुका त्यांना कप्तान म्हणायचा, कारण दर मे महिन्यात, निकाल लागला की पुढच्या रविवारी, ते आम्हा सगळ्या शिक्षकांना बोटीत बसवून बेटं दाखवायला न्यायचे.

मराठवाड्यात बेटं! मी लातूरची. आमच्याकडं नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि ते आलं की लग्नघरासारखी धावपळ. मला नोकरी लागली त्याच वर्षी मे महिन्यात हातात सूचनेचा कागद आला: 'जलसफर. प्रस्थान सकाळी सात. सोबत भाकरी, ठेचा, टोपी, टॉवेल. बेटावर चप्पल चालणार नाही.' मला वाटलं नव्या मास्तरणीची फिरकी घेऊन राहिलेत. म्हणून मुद्दाम ठेवणीतली साडी नेसून गेले, की बघू तरी कोण हसतंय.

गावापासून दहा-बारा किलोमीटरवर धरण आहे. तिथं गेलो तर खरोखर पाणी होतं, आणि पाण्यात खरोखर बेटं होती. उन्हाळ्यात धरण खाली उतरायला लागलं की पाण्याखाली गेलेल्या गावाच्या उंच जागा एकेक करून डोकं वर काढतात. ते गाव कप्तानांचं. धरण झालं तेव्हा ते कॉलेजात होते. सुट्टीला घरी आले तर घर माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये.

बोट मासेमारी सोसायटीची, पत्र्याची, ठिकठिकाणी डांबर लावलेली. ती चालवायचा पोचीराम. जातीचा भोई, वयानं कप्तानांच्या बरोबरीचा, अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलणारा. आठ माणसांच्या बोटीत आम्ही अकरा. हेडसर मधोमध बसले, कारण ते कडेला बसले की बोट त्यांच्याकडं झुकायची. कप्तान पुढच्या टोकाला उभे. हातात ड्रॉइंगच्या कागदावर काढलेला नकाशा, रंगीत खडूनं भरलेला, दिशा आणि प्रमाणासकट.

पहिलं बेट 'सिलोन'. ती मारुतीच्या देवळाची टेकडी. मारुती लंकेला गेला होता म्हणून सिलोन. दुसरं 'अंदमान'. तिथं गावाचा कोंडवाडा होता, दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं आणून डांबायचा. "काळ्या पाण्याची शिक्षा म्हंजे काय, हे आमच्या म्हशीला इचारायचं," असं सांगून कप्तान स्वतःच हसायचे. तिसरं 'लक्षद्वीप', म्हणजे गावच्या शाळेचा दगडी ओटा.

सिलोनला सगळे उतरायचे, कप्तान उतरायचे नाहीत. "तुम्ही या दर्शन करून, मी बोट सांभाळतो." बोट पोचीराम सांभाळायचा, कप्तान नुसते टोपी खाली ओढून बसायचे. पुढं कळलं की त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसांना त्या पायऱ्यांच्या खालीच थांबावं लागायचं. मी एकदा आगाऊपणे म्हटलं, "आता कोण अडवणार आहे सर? चला की वर." तर म्हणाले, "ज्यानं अडवायचं तोच राहिला न्हाई मॅडम. आता चढून कुणाला दाखवू?"

लक्षद्वीपवर मात्र त्यांच्या अंगात यायचं. सगळ्यांनी चपला बोटीत काढायच्या, तापलेल्या दगडावर नाचत नाचत जायचं आणि मांडी घालून बसायचं. मग कप्तान आपल्या चौथीच्या वर्गाची हजेरी घ्यायचे. नावं सगळी पाठ. नाव घ्यायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. "पुण्याला हाय, कंपनीत." "औशाला दिली, तिला नातवंडं झाली." "हा वारला." "हा भोकरला बँकेत, फोन उचलत न्हाई." शेवटी स्वतःचं नाव घ्यायचे आणि "हजर!" म्हणून असे ओरडायचे, की ओट्यावरचे बगळे उडून जायचे. पी.टी.चे सर दरवर्षी पाय भाजले म्हणून कुरकुरायचे आणि दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचे.

आणि मग शेवटचा मुक्काम. नकाशात त्या जागी बेट काढलेलं नव्हतं. नुसतं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बंदर'.

"पोचीराम, बंदर घे," कप्तान म्हणाले. त्या पहिल्या सफरीत मी मान वळवून वळवून बघत होते. चारी बाजूंनी पाणीच पाणी. पोचीराम मागं वळून शाळेचा ओटा बघायचा, पुढं दोन टेकड्या बघायचा, टेकड्या एकमेकींच्या आड गेल्या की वल्हं थांबवायचा. तिथं वाराही येत नव्हता. पाणी असं गप्प, की हेडसरांच्या पोटातला आवाज ऐकू येत होता. कप्तानांनी बोटीच्या टोकाशी ठेवलेलं पोतं सोडलं आणि त्यातून काय निघावं? नांगर! शेतातला, लोखंडी, फाळासकट, दोर बांधलेला. मी सकाळपासून त्याच्यावर पाय ठेवून बसले होते.

"नांगर टाका!" कप्तान ओरडले. त्यांनी आणि पोचीरामनं तो धरून धाडकन पाण्यात सोडला आणि माझी ठेवणीतली साडी पार चिंब झाली.

आता माझा स्वभाव. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड तर नाहीच, लगाम पण नाही. त्यात मी मराठी घेऊन एम.ए. झालेली आणि नोकरीला लागून जेमतेम दहा महिने झालेले, म्हणजे शब्दांची सगळी जबाबदारी माझ्याच डोक्यावर. मी पदर पिळत म्हटलं, "अहो सर, 'नांगर टाकला' म्हणजे गलबताचा नांगर! आकड्याचा असतो तो. शेतातला नाही काही! शब्द एक असला म्हणून वस्तू एक होते का? हे म्हणजे 'मातीची पाटी टाकली' म्हटलं की मुलांची पाटी फेकून देण्यासारखं झालं!"

अख्खी बोट हसली. हेडसर हसले तेव्हा बोट इतकी हलली की पोचीराम "अय्यो, अय्यो" करायला लागला. मग हेडसर, ते नांदेड शहरातले, डोळे पुसत म्हणाले, "आमच्याकडं त्याला लंगर म्हणतात."

कप्तान दोर गुंडाळत होते. क्षणभर त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "लंगर गुरुद्वाऱ्यात असतोय सर, जेवायचा. तो बी हाय आपल्याकडं. आधी नांगर, मग लंगर. सोडा डबे!"

पुन्हा सगळे हसले. त्या दिवसापासून बोटीत डबे उघडण्याला लंगर म्हणायची पद्धतच पडली. मी आपली खूष, की आल्या आल्या स्टाफमध्ये छाप पडली. निघताना कप्तानांनी नांगर वर ओढून घेतला, फाळाला चिकटलेला काळा गाळ बोटांनी निपटून रिकाम्या डब्यात भरला आणि झाकण लावलं. तेही मला वेडेपणातच जमा करावंसं वाटलं.

वेड काय एक होतं का त्यांना? स्टाफरूमच्या खिडकीत त्यांचा एक तेलाचा डबा असायचा, वरून कापलेला, त्यात अंबाडी लावलेली. दुसऱ्या कुणाला तिला पाणी घालू द्यायचे नाहीत. पानं झाली की मोजकी खुडून आलटून पालटून एकेकाच्या घरी द्यायचे. मला मिळाली तेव्हा मी भाजी केली, लसणाची फोडणी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "सर, असली आंबट अंबाडी लातुरात मिळत नाही." त्यांनी एवढ्या आनंदानं माझ्याकडं बघितलं, की मला वाटलं बाई गं, भाजीचं कौतुक इतकं?

आणि रोज सकाळी प्रार्थना झाली की पेपर घेऊन धरणातलं पाणी वाचायचं. मोठ्यानं. बाकीच्या बातम्या त्यांच्या लेखी नव्हत्याच. "आज उपयुक्त साठा बराच हाय," म्हणायचे आणि चहा प्यायचे. एप्रिलमध्ये कधी 'धरण मृतसाठ्याकडे' असं छापून यायचं. धरणाच्या दाराखाली जे तळाचं पाणी राहतं, जे सोडता येत नाही, तो मृतसाठा. ती बातमी आली की आम्ही म्हणायचो, आता टँकर लागणार. कप्तान मात्र पेपर घडी करून ठेवायचे आणि त्या दिवशी चहा तसाच गार व्हायचा.

दुसऱ्या वर्षीच्या सफरीला पोतं नव्हतं. बंदर आलं तेव्हा कप्तानांनी पिशवीतून एक नवीकोरी वस्तू काढली. चार आकड्यांची, काळा रंग दिलेली. लोहाराला पुस्तकातलं चित्र दाखवून करून घेतली होती. "मॅडमनी दुरुस्ती केली," ते सगळ्यांना म्हणाले, "आता चूक चालणार न्हाई." टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. खरंच मनापासून म्हणाले.

आकडा टाकला, लंगर झाला, आकडा वर काढला. स्वच्छ. धुतल्यासारखा. कप्तानांनी एका आकड्यावरून नख फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं, मग आणलेला रिकामा डबा तसाच पिशवीत ठेवून दिला. परतताना नेहमीच्या गप्पा नव्हत्या, अंदमानचा विनोद नव्हता. मला वाटलं ऊन लागलं असेल.

काठावर बोट ओढून घेताना पोचीराम माझ्याजवळ आला. माझ्याकडं न बघता, जाळं झटकत म्हणाला, "म्याडम, तुमी कप्तानचं शेत बंद केलंव."

"मी? मी काय केलं?"

"ते बंदर म्हंजे त्याचं शेत हाय की. खाली. लई खोल. मारुती वर येतोय, शाळा वर येतीय, ते शेत कदीच येत न्हाई. बाप मेला तवापासून नांगर टाकतोय तितं. फाळ मातीत शिरतोय, वर येताना माती आणतोय. तुमचा ह्यो आकडा काय आणतोय? काय बी न्हाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. भाजी खाल्ली होती मी त्या मातीतली. लसणाची फोडणी देऊन.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, चहा टाकला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी वडलांचा, आणि खाली भिंतीला टेकवून नांगर, तेल लावून पुसलेला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, माझं चुकलं. मला काय माहीत होतं?"

"बसा मॅडम. चुकलं बिकलं काय न्हाई."

"तुम्ही भूगोल शिकवता. बोटीचा नांगर कसला असतो ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"सातवीच्या पुस्तकात चित्र हाय की त्याचं."

"मग बोलला का नाहीत त्या दिवशी?"

"सगळे हसून राहिले होते," कप्तान म्हणाले. "चांगलं हसून राहिले होते. मधेच काहून रडगाणं लावू?"

मग त्यांनी सांगितलं. वडील दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचे. एका वर्षी देगलूरच्या बाजारात गेले आणि नांगर घेऊन आले. ना शेत, ना बैल. सगळी वस्ती हसली. आई हसली, मग रडली. वडील म्हणाले, नांगर हाय म्हटल्यावर शेत येणारच. आठ वर्षं तो नांगर घरात असाच भिंतीला टेकून होता. मग नदीकाठचं दीड एकर झालं. वस्तीतलं पहिलं शेत. पहिल्या दिवशी वडलांनी कप्तानांना नांगराच्या मागून अनवाणी चालवलं, फाळानं पाडलेल्या तासात पाय ठेवून. म्हणाले, बघ, कशी लोण्यावानी लागतीय.

"नांगर शेताच्या आधी आला," कप्तान म्हणाले, "अन् शेत गेल्यावर बी राहिला. मला लई काय नको मॅडम. एकदा पाय ठेवायचाय. बास." मग चहाचा कप खाली ठेवून हळूच बोलले, "पण इच्छा वाईट हाय ही. माझं शेत मृतसाठ्यात हाय. ते वर यायचं म्हंजे सगळ्या तालुक्याचं पाणी आटायला पायजे. असं कोण मागतंय का? मी न्हाई मागत. पण पेपर उघडला की मन तिकडं जातंयच. मग चहा जात न्हाई."

मी उठून भिंतीशी गेले, नांगराच्या फाळाला हात लावला. आणि म्हटलं, "पुढच्या मे महिन्यात हा नांगर आला नाही तर मी बोटीत पाय ठेवणार नाही. आणि त्या आकड्यावर पी.टी.च्या सरांना टॉवेल वाळत घालू द्या." कप्तान हसले. पुढच्या वर्षापासून नांगर बोटीत चढवताना एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. साडी भिजायची ती भिजायचीच. मी जुनी नेसून जायला लागले.

आणि मग ते साल आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. माझी आई फोनवर रोज तेच सांगायची, गाडी आली, गाडी आली. आमच्याकडं मार्चमध्येच मारुतीची टेकडी पायी जाण्यासारखी झाली. एप्रिलमध्ये अंदमान, लक्षद्वीप, सिलोन सगळी एकाच भेगाळलेल्या रानात मिसळली, बेट म्हणून काही उरलंच नाही. पोचीरामनं बोट काठावर पालथी घातली आणि तेलुगूत म्हणाला, "नीळ्ळू लेवू." पाणी नाही. मग मृतसाठाही आटत गेला. मेच्या अखेरीला मधोमध म्हशी बसण्याएवढं डबकं राहिलं.

मी धावत कप्तानांकडं गेले. "सर, चला! वर आलं असेल."

ते अंगणात बसले होते. उठले नाहीत. "न्हाई मॅडम."

"न्हाई काय? इतकी वर्षं वाट बघितली ना?"

"बाया घागरी घेऊन टँकरमागं पळून राहिल्यात. गावातल्या पोरांना पाणी प्यायला न्हाई. अन् मी कुठं चाललो? तर शेत बघायला! मजा बघायला! लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच माझी लाज वाटंल."

मला असा राग आला! त्यांचा नाही, कशाचा कोण जाणे. "तुम्ही पाणी आटवलंय का? तुम्ही गेला नाहीत म्हणून पाऊस येणार आहे का?" म्हणून वाट्टेल ते बोलले.  मी फाटकापर्यंत आले तेव्हा कप्तान मागून म्हणाले, "तुम्ही जावा. बघून या. चप्पल काढून जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचीरामला घेऊन गेले. मासे नाहीत म्हणून त्यालाही काम नव्हतं. भेगांवरून भेगा ओलांडत चाललो. ओटा पाठीशी आला, दोन टेकड्या एकमेकींच्या आड गेल्या, आणि पोचीराम थांबला. मी चप्पल हातात घेतली. आणि बघते तर काय, समोर हिरवंगार! आजूबाजूला सगळं फुटलेलं, पांढरं, आणि त्या दीड एकरात कडवळ उभं. गुडघ्याच्या वर. जनावरांना चारा नाही म्हणून कुणीतरी डबक्याचं पाणी इंजिननं घेऊन उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, गाळपेर, केली होती. तालुक्यात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं.

परत येऊन सांगितलं. "सर, तुमच्या शेतात पीक आहे."

कप्तान उठून उभे राहिले. "कसलं?"

"कडवळ. चाऱ्यासाठी."

"कुणी पेरलं?"

"माहीत नाही. कुणीतरी."

"केवढं आलंय?"

मी गुडघ्याच्या वर हात ठेवून दाखवला. ते आत गेले, तोंडावरून पाणी फिरवलं, तेही वाटीभरच, निळी टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

बांधाचा एक दगड राहिला होता, अर्धा गाळात. कप्तानांनी तो लांबूनच ओळखला. तिथपर्यंत आले, चपला काढल्या, जोडीनं दगडाजवळ ठेवल्या, आणि उभे राहिले. समोर शेत. एक पाऊल टाकायचं होतं फक्त. मी वाट बघत होते. पोचीरामनं तर डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता.

कप्तान हलेनात.

"ठेवा ना सर पाय," मी म्हटलं. "तुमचंच शेत आहे."

"शेत सरकारनं घेतलं. पीक दुसऱ्याचं. माझा नुसता नांगर हाय मॅडम." ते कडवळाच्या पानावरून हात फिरवत होते, तोडायचा नाही असा, वरच्या वर. "अन् माझं असतं तरी काय? उभ्या पिकात पाय ठेवत असतेत का कुणी?"

"एका पावलानं काय होतंय!"

"चार ताटं मोडतील. एका म्हशीचा एक घास." आणि हसून म्हणाले, "अंदमानला जावं लागंल मला."

मग ते शेताच्या कडेनं चालायला लागले. भेगाळलेल्या जमिनीवरून, अनवाणी, त्या उन्हात. पीक डाव्या हाताला ठेवून चारी बाजूंनी फिरले. दर थोड्या अंतरावर थांबायचे आणि आम्हाला सांगायचे, इथं मोट होती, इथं आई जेवण घेऊन बसायची. फिरून पुन्हा त्या दगडाशी आले, चपला घातल्या, म्हणाले, "चांगलं आलंय. बाप खूष झाला असता." मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण माझ्यानं त्यांच्याकडं बघवेना. पाय टेकायला आलेला माणूस तसाच परत निघाला होता, आणि मी त्याला ढकलू शकत नव्हते.

त्या वर्षी उशिरा का होईना पाऊस चांगला झाला. धरण भरलं, शेत पुन्हा मृतसाठ्यात गेलं. मे महिन्यात बोट निघाली, नांगर पडला, लंगर झाला. खिडकीत अंबाडी आली. फक्त सकाळी पेपर वाचताना कप्तानांचा चहा आता गार होत नव्हता. ते शेत पुन्हा कधी वर आलं नाही, आणि त्यांनी तसं पुन्हा कधी बोलूनही दाखवलं नाही.

निवृत्त झाले आणि पोरगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. नवव्या मजल्यावर. जाताना नांगर माझ्याकडं दिला. "पुण्यात भिंतीला टेकवायची सोय न्हाई," म्हणाले. तेव्हापासून जलसफर मी नेते. कप्तान मला कुणी म्हणत नाही, 'मराठीच्या मॅडम'च म्हणतात, पण नकाशा तोच, हजेरी तीच. माझ्या तोंडून त्यांच्या वर्गाची नावं निघतात आणि शेवटचं नाव घेतल्यावर उत्तर मीच देते, "पुण्याला आहेत." बंदरावर पोचलो की मी त्यांना फोन लावायची. "जयभीम सर, नांगर टाकला." मग ते विचारायचे, माती कशी आहे, काळी आहे का? मी काळी म्हणायची. ते म्हणायचे, मग सोडा आता डबे.

गेल्या मे महिन्यात फोन सुनेनं उचलला. म्हणाली, "बाबांना आता फारसं आठवत नाही हो. मलाही कधी कधी ओळखत नाहीत." मी म्हटलं, तरी द्या. बोटीत सगळे ऐकत होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"जयभीम सर. मी मराठीच्या मॅडम."

"कोण मराठी?" आवाज किती बारीक झाला होता.

"शाळेतल्या. धरणावरून बोलतेय. पोचीराम आहे इथं, हेडसर आहेत."

"असं का. बरं, बरं." परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीनं. मला भडभडून आलं. मग दरवर्षीचं तेच म्हटलं, "सर, नांगर टाकलाय. बंदरावर."

 मला वाटलं फोन कट झाला. मग एकदम आवाज आला, आमच्या कप्तानांचा, बोटीच्या टोकावरून यायचा तसा. "वढू नका!" ते म्हणाले. "हळू. उभं पीक हाय खाली."

पोचीरामनं वल्हं पाण्यातून उचललं आणि मांडीवर घेतलं. कुणी डबा उघडला नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. निघायची वेळ झाली तेव्हा पोचीरामनं बोट अगदी हळू, बरोबर दोराच्या वर आणली, आणि आम्ही चौघांनी मिळून तो नांगर जागच्या जागी, सरळ उभा वर काढला. खाली एक ताटही मोडलं नसेल.